आधी ओळख, मग उपाय : तळ्यांवरील हिरव्या आक्रमणाचा धडा

उन्हाळा उतरणीला लागला की अनेक गावांत एक ठरलेले दृश्य दिसते. गावतळ्यावर हिरवा थर पसरलेला असतो, गुरांना पाणी पिण्यास जागा उरत नाही, मासेमारांची जाळी अडकतात आणि डासांचा त्रास वाढतो. ग्रामसभेत ठराव होतो. पोकलेन यंत्र येते, ट्रॉल्या भरतात, काठावर ढीग लागतो, छायाचित्रे निघतात. पावसाळा सरतो आणि दिवाळीच्या आसपास तळे पुन्हा हिरवे होते. पुढील वर्षी तोच ठराव आणि तोच खर्च. या कामाचे अंदाजपत्रक पाहिले, तर ‘काय काढायचे’ या रकान्यात बहुधा एकच शब्द असतो : जलपर्णी.

या एका शब्दाने भागवणे हीच पहिली चूक आहे. पिकावरील कीड न ओळखता औषध फवारू नये, हे आज प्रत्येक कृषी सहायक शेतकऱ्याला सांगतो. तळ्याच्या बाबतीत मात्र हा नियम सर्रास विसरला जातो. गोड्या पाण्यातील आक्रमक वनस्पतींशी झालेल्या लढ्यांचा इतिहास पाहिला, तर जेथे यश आले तेथे आधी वनस्पतीची नेमकी ओळख पटली होती, आणि जेथे ती चुकली तेथे वर्षानुवर्षांचे श्रम वाया गेले, असे स्पष्ट दिसते.

एका शब्दाखाली अनेक वनस्पती

भारतातील तळ्यांत पाणी झाकून टाकणाऱ्या परकीय वनस्पतींपैकी खरी जलपर्णी ही सर्वांत परिचित आहे. फुगीर, स्पंजासारखे देठ, चकचकीत गोलसर पाने, जांभळट फुलांचा तुरा आणि पाण्यात लोंबणारी काळसर, पिसासारखी मुळे ही तिची लक्षणे होत. पश्चिम महाराष्ट्रात तिला केंदाळ असेही म्हणतात. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत आहे.

दुसरी वनस्पती पिस्टिया. कोबीच्या लहान उमललेल्या गड्ड्यासारखी दिसणारी, मखमली, फिकट हिरव्या पानांची; पानांवर लांब उभ्या शिरा आणि देठ जवळजवळ नाहीच. तिसरी अल्टरनँथेरा फिलोक्सेरॉइडिस. ही काठाच्या चिखलात मुळे रोवते आणि तेथून पाण्यावर वेलीसारखी पसरते. तिचे खोड पोकळ असते, पाने समोरासमोर येतात आणि पांढरी, कागदासारखी कोरडी फुले लहान गोंड्यात लागतात.

चौथी साल्व्हिनिया मोलेस्टा. ही फुले येणारी वनस्पती नसून पाण्यावर तरंगणारा नेचा आहे. तिची पाने तीनच्या गटात येतात. दोन पाने पाण्यावर तरंगतात. तिसऱ्याचे तपकिरी झुपक्यात रूपांतर होऊन ते पाण्यात लोंबते आणि मुळांसारखे दिसते. खरी मुळे तिला नसतात. वरच्या पानांवर बारीक उभे केस असून प्रत्येक केसाच्या चार शाखा टोकाशी पुन्हा जुळलेल्या असतात. साध्या भिंगातून पाहिल्यास अंडी फेटण्याच्या जाळीदार फेटणीसारखा त्यांचा आकार दिसतो. हे केस पाणी झटकून टाकतात, म्हणून पान भिजत नाही आणि बुडतही नाही.

हा केसांचा तपशील क्षुल्लक नाही. काश्मीरमधील दल सरोवरात साल्व्हिनिया नाटान्स ही तिची बहीण आढळते. तिच्या केसांची टोके जुळलेली नसतात. शिवाय भातखाचरात नत्र पुरवणारा आणि गुरांचा चारा म्हणून वाढवला जाणारा अझोला हाही तरंगणारा नेचाच आहे. कोवळी साल्व्हिनिया लहान व चपटी असते. अझोलाचे विरजण एका गावातून दुसऱ्या गावात नेताना त्यात ती मिसळलेली नाही, याची खात्री करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

नावाच्या चुकीची किंमत

साल्व्हिनिया मोलेस्टाचा जगभरातील प्रवास हा चुकीच्या ओळखीचाच इतिहास आहे. १९३९ मध्ये ती श्रीलंकेतील कोलंबो येथे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी आणली गेली आणि तेथून भातखाचरांत व जलमार्गांत पसरली. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण बांधून झाल्यावर नव्या जलाशयात तिने थैमान घातले. १९६२ मध्ये सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी तिच्याखाली झाकले गेले होते. केरळमध्ये ती गेल्या शतकाच्या मध्यास पोहोचली आणि पुढे कुट्टनाडच्या कालव्यांत इतकी दाटली की होड्या चालेनाशा झाल्या. समुद्रसपाटीखालील भातशेतीच्या त्या प्रदेशात रस्ता म्हणजे पाणीच. ते अडले की शाळा, बाजार, दवाखाना सारेच अडते. भातखाचरातून हा नेचा उपसून काढण्यात मजुरी खर्च होई ती वेगळीच.

या सर्व काळात शास्त्रज्ञ तिला साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा समजत होते. तिचा नैसर्गिक शत्रू शोधायचा, तर तो तिच्या मूळ घरी शोधावा लागतो. ऑरिक्युलाटा ज्या भागात आढळते, तेथे म्हणजे त्रिनिदाद व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात शोध घेतला गेला. तेथे सापडलेले कीटक निरनिराळ्या देशांत सोडण्यात आले. त्यांत एक नाकतोडा होता, एक पतंग होता आणि सिर्टोबेगस सिंग्युलॅरिस हा सोंड्या भुंगेरा होता. काही ठिकाणी कीटक टिकले, पण तण आटोक्यात आले नाही. दोष कीटकांच्या माथी मारला गेला. ‘जैविक नियंत्रण पुस्तकात ठीक, प्रत्यक्षात नाही’ हा शेरा तेव्हापासून अनेकांच्या मनात बसला.

१९७२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डी. एस. मिचेल यांनी ही वनस्पती वेगळी असल्याचे दाखवून तिला ‘मोलेस्टा’, म्हणजे उपद्रवी, हे नाव दिले. नाव बदलले आणि शोधाची दिशाही बदलली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९७८ मध्ये तिचे मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तेथे तिच्यावर जगणारा भुंगेराही मिळाला. दिसायला तो सिंग्युलॅरिससारखाच होता आणि आरंभी त्याला तोच समजण्यात आले. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातील माउंट आयझा शहराजवळच्या मूनडारा सरोवरात तो सोडला. सुमारे सव्वा वर्षात तेथील जवळपास २०० हेक्टरांवरील थर नष्ट झाला. आधी फसलेला ‘तोच’ भुंगेरा येथे यशस्वी कसा झाला, याचा शोध घेता तो वेगळी जात असल्याचे उघड झाले. १९८५ मध्ये त्याला सिर्टोबेगस साल्व्हिनी असे नाव मिळाले. त्याच वर्षी या कार्यासाठी सीएसआयआरओच्या गटाला युनेस्कोचा विज्ञान पुरस्कार देण्यात आला.

तणाचे नाव एकदा चुकले होते आणि भुंगेऱ्याचेही एकदा. दोन्ही दुरुस्त झाल्यावर काही दशके न सुटलेला प्रश्न काही महिन्यांत सुटू लागला. वर्गीकरणशास्त्र हा संग्रहालयातील टाचणीला टोचलेल्या कीटकांपुरता विषय आहे, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दोन मिलिमीटरचा मजूर

सिर्टोबेगस साल्व्हिनी हा भुंगेरा सुमारे दोन मिलिमीटर लांब, तपकिरी ते काळा असतो. प्रौढ भुंगेरा साल्व्हिनियाच्या कोवळ्या कळ्या खातो, त्यामुळे नवीन वाढ थांबते. मादी अंडी घालते आणि त्यांतून निघालेली अळी आडव्या खोडात शिरून ते आतून पोखरते. कळी आणि खोड दोन्हीकडून घाव बसल्याने वनस्पती आधी तपकिरी पडते, मग विस्कटते आणि शेवटी बुडते.

साल्व्हिनिया मोलेस्टा बीजाणूंनी वाढत नाही. ती वांझ आहे; तुकड्यातूनच तिचा प्रसार होतो. अनुकूल परिस्थितीत दोन-तीन दिवसांत ती दुप्पट होऊ शकते. यंत्राने ओढताना तुटून मागे राहिलेला प्रत्येक सांधा ही नवी रोपवाटिका ठरते. भुंगेरा मात्र यंत्र पोहोचत नाही अशा लव्हाळ्याच्या आडोशालाही पोहोचतो आणि तण संपत आले की त्याचीही संख्या आपोआप घटते.

तरीही केवळ कीटक सोडला की काम झाले, असे मानता येत नाही. पापुआ न्यू गिनीतील सेपिक नदीच्या खोऱ्यात सुमारे २५० चौरस किलोमीटर पाणी या तणाने व्यापले होते. तेथे सोडलेले भुंगेरे प्रथम टिकेनात. कारण शोधता असे आढळले की, तेथील साल्व्हिनियात नत्र कमी होते आणि अशा निकस वनस्पतीवर भुंगेऱ्याची वाढ होत नव्हती. मग काही मोजक्या ठिकाणी तणालाच युरिया देण्यात आला. त्यावर भुंगेरे पोसले, वाढले आणि पुढे पसरले. तणाला खत घालणारे हे शास्त्रज्ञ पाहणाऱ्यांना वेडे वाटले असतील, पण खोऱ्यातील पाणी मोकळे झाले ते त्यामुळेच.

भारतातील अनुभव

हा भुंगेरा १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. बेंगळुरू येथील एका कमळतळ्यात तो सोडल्यावर अकरा महिन्यांत साल्व्हिनिया संपली. केरळ कृषी विद्यापीठाने तो राज्याच्या पाण्यात सोडला आणि ते दशक संपण्याआधीच कुट्टनाडचे अनेक कालवे पुन्हा वाहतुकीस खुले झाले. भारतीय कृषी विस्ताराच्या इतिहासातील हे मोठे यश आहे. परंतु एखादी समस्या सुटली की तिच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून नव्या पिढीतील कार्यकर्त्यांना ते क्वचितच ठाऊक असते.

त्या विस्मरणाची किंमत आता मध्य भारतात दिसते. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सारणी येथील सातपुडा जलाशयात हीच साल्व्हिनिया पसरली. जबलपूर येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या तणविज्ञान संशोधन संचालनालयाने मध्य भारतात या भुंगेऱ्याचा उपयोग करून पाहिला. कटनी जिल्ह्यातील एका गावतळ्यात सुमारे दीड वर्षात तण आटोक्यात आले. म्हणजे जो उपाय केरळमध्ये चार दशकांपूर्वी सिद्ध झाला होता, तो मध्य भारतात पोहोचायला एवढा काळ लागला.

नावाचा घोळ येथेही आहेच. केरळमध्ये या वनस्पतीला ‘आफ्रिकन पायल’ म्हणतात, तर सारणीच्या परिसरात ‘चायनीज झालर’. ती आफ्रिकेची नाही आणि चीनचीही नाही. लोकांनी दिलेले नाव बोलण्यापुरते चालते. पण तेच कार्यालयीन पत्रात उतरले की बैतूलच्या अधिकाऱ्याला केरळच्या अनुभवाचा दुवा सापडत नाही. दोन नावांखाली एकच प्रश्न दोनदा सोडवावा लागतो.

जलपर्णीचे गणित वेगळे

साल्व्हिनियाचा भुंगेरा जलपर्णीवर सोडला, तर तो उपाशी मरेल. जलपर्णीसाठी निओकेटिना वंशातील दोन सोंडे भुंगेरे भारतात १९८०च्या दशकाच्या आरंभी आणले गेले. बेंगळुरूच्या तळ्यांत आणि पुढे मणिपूरच्या लोकटाक सरोवरात त्यांनी जलपर्णी लक्षणीय प्रमाणात कमी केली. आज हे भुंगेरे देशाच्या अनेक भागांत आढळतात. जलपर्णीच्या पानावर लहान, चौकोनी, खरवडल्यासारखे डाग दिसले, तर तेथे त्यांची वस्ती आहे असे समजावे. प्रौढ भुंगेरे रात्री पाने खरवडतात. अळ्या देठ पोखरतात.

परंतु येथे साल्व्हिनियासारखा झटपट निकाल मिळत नाही. जलपर्णीला बी येते आणि ते चिखलात अनेक वर्षे जिवंत राहते. भुंगेऱ्यांमुळे रोपे खुजी होतात, फुले कमी येतात, थर विरळ होतो; मात्र त्यास काही वर्षे लागतात. त्यात तळ्यात सांडपाणी येत असेल, तर नत्र व स्फुरदाच्या जोरावर जलपर्णी कीटकांच्या खाण्यापेक्षा अधिक वेगाने वाढते. बेंगळुरूमधील बेलंदूर तलाव पुढे सांडपाण्याच्या फेसामुळे देशभर गाजला आणि जलपर्णीनेही भरला. पुणे परिसराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनी जलाशयाची कहाणी याच जातीची आहे. अशा ठिकाणी तण हे लक्षण आहे. रोग नाल्यातून येतो. शेतातून वाहून जाणारे खतही त्यात भर घालते, हे शेतकऱ्यांनीही मान्य केले पाहिजे.

केवळ हुकूम आणि श्रम पुरत नाहीत, हे बंगालने फार पूर्वी अनुभवले आहे. शोभेसाठी आणलेली जलपर्णी तेथे इतकी माजली की १९३६ मध्ये ती काढण्याची सक्ती करणारा कायदा करावा लागला. हजारो हातांनी ती उपसली. आज बंगालच्या पाण्यातून ती नाहीशी झालेली नाही.

शंका रास्त आहे, म्हणूनच नियम आहेत

‘एक परकीय जीव काढण्यासाठी दुसरा परकीय जीव आणायचा, मग तो पिकावर आला तर?’ हा प्रश्न शेतकरी विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. घाईने आणलेल्या जीवांनी नुकसान केल्याची उदाहरणे भारतात आहेत. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून १९२८ मध्ये आणलेला गंबुशिया मासा अनेक तळ्यांत सोडला गेला. तो स्थानिक माशांची अंडी व पिल्लेही खातो. मिळेल ते खाणारा जीव नियंत्रणासाठी निवडणे हीच तेथील चूक होती.

तण नियंत्रणासाठी निवडलेल्या कीटकाची परीक्षा उलट असते. त्याला बंदिस्त प्रयोगशाळेत अनेक पिकांवर व जवळच्या वनस्पतींवर ठेवून पाहिले जाते. तो लक्ष्य वनस्पतीखेरीज कशावरही जगू शकत नाही, हे सिद्ध झाल्यावरच परवानगी मिळते. असा कीटक परदेशातून आणण्याचे काम शासनाच्या अनुमतीनेच होते. देशात एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात भुंगेरे नेतानाही ते संशोधन संस्था किंवा कृषी विद्यापीठाच्या मार्गदर्शनाखालीच न्यावेत. भुंगेऱ्यांसोबत येणारे तण नव्या पाण्यात गेले, तर उपायच अपाय ठरेल.

यंत्र आणि रसायन यांना स्थान नाही, असेही नाही. पाणीपुरवठ्याचे तोंड, घाट, होडीचा मार्ग तातडीने मोकळा करायचा असेल, तर यंत्र हवेच. मात्र भुंगेरे स्थिरावलेल्या तळ्यातील सारा थर एकदम उपसला, तर मजूर आणि त्याची भाकरी दोन्ही बाहेर फेकली जातात. काही पट्टा राखून ठेवणे शहाणपणाचे असते. तणनाशकाने एकाच वेळी मेलेला थर पाण्यात कुजतो, विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. ज्या तळ्यावर गुरे, मत्स्यसंस्था आणि भाजीपाला अवलंबून आहे, तेथे हा धोका पत्करण्याआधी तज्ज्ञांचा सल्ला घेणे बंधनकारक असावे.

विस्तार कार्यकर्त्याच्या हातचे काम

या विषयात विस्तार यंत्रणेने चार गोष्टी केल्या, तर मोठा फरक पडेल. पहिली, तळे स्वच्छ करण्याच्या कोणत्याही प्रस्तावासोबत वनस्पतीच्या शास्त्रीय ओळखीचा दाखला जोडला जावा. पानाचा, फुलाचा व मुळांचा स्पष्ट फोटो कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवला तरी बहुतेक वेळा ओळख पटते. दुसरी, यंत्र लावण्यापूर्वी पानांवर भुंगेऱ्यांच्या खाण्याच्या खुणा आहेत का, हे तपासून नोंदवावे. तिसरी, तळ्यात येणाऱ्या प्रत्येक ओहोळाचा उगम शोधावा. सांडपाणी रोखल्याशिवाय केलेला खर्च दरवर्षी परत करावा लागेल. चौथी, जाळी, होड्या, मत्स्यबीजाचे डबे आणि अझोलाचे विरजण एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन, पाहून घ्यावे. शोभेच्या तळ्यातील वाढलेल्या वनस्पती ओढ्यात टाकू नयेत.

या कामात सर्वांत उपयोगी साथीदार गावच्या शाळेत बसलेले आहेत. तळ्यावर रोज जाणारी मुलेच असतात आणि नवे काही उगवले तर ते प्रथम त्यांनाच दिसते. दहा रुपयांचे प्लॅस्टिकचे भिंग, पांढरी ताटली आणि वर सांगितलेल्या चार वनस्पतींची चित्रे एवढ्या सामग्रीवर सातवीचा वर्ग साल्व्हिनियाचे जुळलेले केस आणि जलपर्णीवरील चौकोनी डाग ओळखू शकतो. पाण्याच्या काठी शिक्षक सोबत असावेत आणि खोल पाण्यात कोणी उतरू नये, एवढी दक्षता पुरे. महिन्यातून एकदा तळ्याचा किती भाग झाकला आहे, याची नोंद वहीत केली, तर दोन वर्षांत त्या तळ्याचा असा इतिहास तयार होईल जो आज बहुतेक कार्यालयांकडे नाही.

साल्व्हिनियाचा थर हातभर जागेत असतो, तेव्हा तो एका दुपारी हाताने काढता येतो. तोच थर शेकडो हेक्टरांवर गेला की संशोधन संस्था, निधी आणि वर्षे लागतात. या दोन टप्प्यांमध्ये फार काळ जात नाही. तळ्यावर काहीतरी निराळे उगवले आहे, असे एखाद्या मुलाने सांगितल्यावर ‘जलपर्णीच असेल’ म्हणून ते मोडीत काढणे, की पान हातात घेऊन भिंगातून पाहणे, एवढाच निर्णय त्या दिवशी कार्यकर्त्याला करायचा असतो.